वसंतजोड

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वय झालं की माणूस मऊ होतो, जुनं विसरतो, असं सगळे म्हणतात. मला वयाप्रमाणे गुडघेदुखी झाली, डाव्या डोळ्याला मोतीबिंदू झाला, पण विसर काही पडला नाही. निवृत्त झाल्यापासून घरच्या ओटीवर मी आयटीआय आणि डिप्लोमावाल्या मुलांचा क्लास घेते. कारखान्यांच्या मुलाखतींना जाणारी ही मुलं. त्यांना मोठमोठी समीकरणं पाठ असतात आणि घरातल्या तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाडी पिन कशाला असते, हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून मी अगदी तळापासून सुरुवात करते, आणि पहिल्या दिवशीचा प्रश्न गेली कित्येक वर्षं तोच आहे. मोटर बंद पडली आहे, शेजारचा दिवाही विझला आहे, माणूस समजतो लाईट गेली, आणि मोटरच्या बॉडीला हात लावतो तर शॉक बसतो. का? ज्या चुकीनं हे होतं तिला पुस्तकात वेगळं नाव नाही. आमच्या फळ्यावर आहे. मी तिला वसंतजोड म्हणते. ते नाव कुठून आलं, ते आता लिहून ठेवते.

आमची वाडी चौलला. पोफळी उंच गेलेल्या, त्यांच्या अंगावर मिरीचे वेल, मधे केळी, कडेला माड, आणि सगळ्याच्या मधोमध बाव, म्हणजे आमची विहीर. माझ्या लहानपणी बावेवर रहाट होता. पहाटे त्याची कुरकुर सुरू झाली की मला जाग यायची आणि ती थांबली की आईची चूल पेटलेली असायची. पोफळीला पाणी रोज लागतं, एक दिवस शिंपण चुकलं तर झाड तोंड पाडतं, त्यामुळे आमच्या घरात आजारी पडायचीसुद्धा पाळी लावलेली, असं बाबा म्हणायचे. बाबा बोलायला गमती. शिंपण आटोपून, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले पाय तसेच ओटीखाली सोडून बसायचे आणि आई तांदळाची भाकरी, भाजलेली सुकट आणि कांदा तिथंच आणून द्यायची. पाय धुवून आत यायला त्यांना कंटाळा. "पाटातलं पानी सुकू दे, मंग येतो," म्हणायचे. त्या सुकटीचा वास आणि पाटातून झुळझुळत जाणाऱ्या पाण्याचा आवाज, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्रच बांधलेल्या आहेत. घरात आम्ही तिघं आणि बाबांचे थोरले भाऊ नानाकाका. नानाकाकांनी लग्न केलं नव्हतं. ते कमी बोलत आणि त्यांनी बोललेलं घरात चाले.

मग वाड्यांमधून पंप आले आणि पंपांबरोबर वसंत आला. वसंत वायरमन. पांढरा शर्ट, केसांना चापून तेल आणि खिशाला पेनासारखा टेस्टर. आमच्या आळीत त्याचा तोरा तहसीलदाराचा होता. खांबावर चढला की खाली पोरांची जत्रा जमायची. कुणाकडेही कामाला गेला की त्याला दुधाचा चहा, आणि आमच्याकडे आला तर आई वर घावनं घालायची. आई त्याला वसंतभावजी म्हणायची. त्यानं आमच्या बावेवर पंप बसवला, पाणी ओढायला काळा प्लॅस्टिकचा पाईप टाकला, कारण लोखंडाला आमची खारी हवा दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते. शेजारी खोपी बांधून तिच्यात मेन स्विचचा डबा आणि एक दिवा लावला. रहाट बंद झाला. बाबांना पंपाचं इतकं कौतुक की त्याच्या घूं घूं आवाजात ते सूर मिळवून गात. एकच त्रास होता. पंपाला ओला हात लागला की झिणझिण्या येत. बाबांनी वसंताला बोलावलं. अशा वेळी करायची गोष्ट अगदी सोपी असते. खड्डा खणायचा, त्यात कोळसा, मीठ आणि पाणी घालून पट्टी पुरायची आणि पंपाच्या बॉडीपासून तिथपर्यंत वायर न्यायची. त्याला अर्थिंग म्हणतात. बॉडीवर चुकून आलेला करंट त्या वाटेनं जमिनीत जातो, माणसातून जात नाही. मीठ आणि पाणी यांना आमच्याकडे काय तोटा? पण खड्डा खणणार कोण! वसंतानं पंपाचं झाकण उघडलं, बोटभर वायरचा तुकडा आत कुठे कुठे अडकवला, झाकण लावलं आणि म्हणाला, "लाव आता हात, भाऊ." बाबांनी लावला. झिणझिण्या गेल्या होत्या. आळीत त्याचा जयजयकार झाला आणि मग ज्यांच्या ज्यांच्या पंपाला झिणझिण्या होत्या त्यांनी त्यांनी त्याच्याकडून तो बोटभर तुकडा घालून घेतला. त्या दिवशी त्यानं आमच्याकडे चार घावनं खाल्ली, नारळाच्या रसाबरोबर.

वाडीच्या टोकाला सुरंगीच्या एका जुन्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. पोफळं उतरली की त्याला राखण द्यायची. नारळ, कोंबडा, रोट. पुरुष माणसं जमतात, कुणी जाणता माणूस गाऱ्हाणं घालतो, कोंबडा तिथंच शिजतो आणि तिथंच संपतो, बायका त्या जागी जात नाहीत. मी दहावीत होते त्या वर्षी राखणीच्या आदल्या दिवशी आत्याच्या सासरची मंडळी अचानक दारात उभी राहिली. दारी आलेल्या पाहुण्यांना सुकट कशी वाढायची? आईनं राखणीसाठी बांधलेला कोंबडा कापला आणि राखणदाराला त्या वर्षी नुसता नारळ गेला. बाबाच म्हणाले होते, "त्याला काय, पुढल्या साली दोन देऊ." पुढलं साल बाबांना आलं नाही.

त्या सकाळी मी ओटीवर बसून अभ्यास करत होते. पंपाचा आवाज थांबला. आवाज थांबला की कान उघडतात, तसं झालं. बाबांनी पाटातूनच हाक दिली, "लाईट गेली वाटतं," आणि पंपाकडे गेले. मग काहीच आवाज आला नाही. आईनं भाकरी थापता थापता दोनदा हाक मारली आणि मग मला पाठवलं. बाबा पाटात पडले होते, उजव्या हाताचा तळवा भाजलेला, पाणी त्यांच्या अंगावरून जात होतं. मी किंचाळले. नानाकाका धावले, आळी धावली. खोपीतला दिवा विझलेला होता, पंप गप्प होता. पंपाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. वसंताला बोलवायला माणूस गेला.

वसंत आला. इथून पुढचं मी फार नीट पाहिलं आहे, कारण सगळे बाबांभोवती होते आणि मी एकटीच त्याच्याकडे बघत होते. का बघत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं आधी मेनची दांडी खाली ओढली. मग मेनचा डबा उघडला. एक वायर ओढून काढली, तिचं टोक हिरवं पडलं होतं. खिशातला चाकू काढून ते टोक खरवडलं, चकचकीत केलं, परत घट्ट आवळलं. दांडी वर केली आणि पंप घूं करून सुरू झाला, दिवाही लागला. मग तो बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाला, "बगा, पंपाला काय बी झालेलं न्हाय. मगाशी लाईटच न्हवती. लाईट न्हाय तर करंट येल कुठून? ह्ये करंटाचं काम न्हाय." आणि मग सुरंगीकडे बघून आवाज खाली आणला, "अवंदा राखणीचा कोंबडा कुनी खाल्ला?"

एवढंच बोलला. पुढचं काम आळीनं केलं. पाहुण्यांनी कोंबडा खाल्ला आणि राखणदारानं माणूस, असं वाक्य तयार झालं आणि ते पार रेवदंड्याच्या बाजारापर्यंत पोचलं. डॉक्टरांनी शॉक लागून मृत्यू म्हणून लिहून दिलं होतं. लोक म्हणत, शॉक खराच, पण लाईट नसताना शॉक दिला कुणी? आणि याचं उत्तर माझ्या आईकडे बोट दाखवून दिलं जाई. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी स्वतःच्या दारात ऐकल्या. आईनं ते सगळं खरं मानलं, हे सर्वांत वाईट. नवरा गेल्याचं दुःख करायलाही तिला मोकळीक उरली नाही, कारण तिच्या लेखी तिनंच त्याला मारला होता. तिनं कोंबडी खाणं सोडलं. शिजवायची, वाढायची, स्वतः कोरड्या भाकरीला मीठ लावायची. वाडीत जाणं बंद केलं. केळीच्या रांगेशी थांबायची आणि तिथूनच दगडाकडे बघून हात जोडायची. "माजी चूक, माजी चूक," असं पुटपुटायची. मी तिला सांगायचे, आई, त्यानं वायर खरवडली, मी पाहिली. पंपाला काही झालं नव्हतं तर खरवडलं काय? ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. "त्यो देवमानूस हाय, कुंदे. त्यानं सांगितलं म्हनून तरी कळलं."

देवमाणसानं पुढल्या वर्षापासून आमच्या राखणीचं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. राखणदाराच्या मनातलं त्याला कळतं, असं एव्हाना सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. नारळ हातात घेऊन, डोळे मिटून म्हणायचा, "ह्या घरच्या बायमानसाकनं चूक झाली, ती पोटात घाल, बाबा." जमलेले पुरुष "व्हय, व्हय" म्हणायचे. आई केळीआड उभी राहून ते ऐकायची आणि मी आईच्या मागे उभी राहून दात-ओठ खायचे. कोंबड्याची पहिली तंगडी त्याच्या पानात पडायची.

दहावी झाल्यावर नानाकाका म्हणाले, शिवणाचा क्लास लाव. मी म्हटलं, तालुक्याच्या आयटीआयला जाणार, इलेक्ट्रिशियनला.  "पोरीची जात खांबावर चडनार?" म्हणाले. मी म्हटलं, "चढेन." त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. मला नोकरी हवी होती, स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, असं मी पुढे मुलाखतींमधून सांगत आले, ते सगळं खोटं. मला वसंताचं उट्टं काढायचं होतं. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे फक्त एक हिरवं पडलेलं वायरचं टोक होतं, आणि ते काय सांगतं ते वाचायला मला शिकायचं होतं.

वर्गात मी एकटीच मुलगी. पोरं हसायची, माझ्या बाकावर झुरळं सोडायची. मला त्यांच्यासाठी वेळ नव्हता. आमचे नाईक सर सावकाश शिकवायचे, एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगायचे. वीज फेजच्या वायरनं येते, मोटरच्या वेटोळ्यांतून किंवा दिव्याच्या तारेतून जाते आणि न्यूट्रलच्या वायरनं परत जाते, म्हणायचे. परतीची वाट नसेल तर ती चालत नाही. पण चालत नाही म्हणजे ती तिथं नाही, असं समजू नका. ती दारात उभी असते. हे वाक्य ऐकलं मात्र, मी उठून विचारलं, "सर, पंप बंद पडलाय, दिवाही विझलाय, तरी माणूस पंपाला हात लावून मरेल का?" मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, पंपाला अर्थिंग आहे का? मी म्हटलं, माहीत नाही, पण आधी झिणझिण्या येत होत्या, मग वायरमननं झाकण उघडून बोटभर वायर घातली आणि त्या गेल्या. सरांनी डोळे मिटले. मग त्यांनी प्रॅक्टिकलच्या टेबलावर एक छोटी मोटर मांडली आणि बोटभर वायरनं तिचा न्यूट्रल तिच्याच बॉडीला जोडला. मोटर सुरू केली. छान चालली. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन लांब वायरी जोडलेला साधा दिवा, त्याची एक वायर बॉडीला आणि दुसरी अर्थला लावली. दिवा लागला नाही. "बघा, सगळं ठीक दिसतंय," सर म्हणाले. मग मेन बंद करून त्यांनी मागच्या बाजूला न्यूट्रलचं टोक सोडवलं आणि मेन पुन्हा सुरू केला. मोटर हूं की चूं करेना. पण टेस्ट लॅम्प लख्ख पेटला. फेजनं आलेली वीज वेटोळ्यांतून पुढे आली होती, परतीची वाट आमच्या डब्यातल्या हिरव्या पडलेल्या टोकासारखी तुटलेली, म्हणून बोटभर वायरवरून बॉडीत येऊन उभी होती, कुणीतरी हात लावून तिला जमिनीपर्यंत न्यावं याची वाट बघत.

सगळी मुलं त्या दिव्याकडे बघत होती आणि मी हसत होते. मला माहीत आहे, कारण सरांनी विचारलं, "हसतेस का?" मी म्हटलं, "काही नाही, सर." मला वडील दिसत होते, पाटात पडलेले, आणि तरी मी हसत होते. सापडला, एवढंच मनात होतं. सापडला मेला.

रविवारी घरी आले. मेन बंद केला, पंपाचं झाकण उघडलं. तुकडा तिथंच होता. वसंताला तो काढावासाही वाटला नव्हता, कारण काढला असता तर झिणझिण्या परत आल्या असत्या आणि खड्डा खणावा लागला असता. मीही तो काढला नाही. झाकण लावलं, आईला आणि नानाकाकांना सांगितलं की पंप बिघडलाय, मी सांगेपर्यंत कुणी लावायचा नाही, आणि मेनच्या डब्याला कुलूप घालून चावी गळ्यात बांधली. दोन दिवसांनी राखण होती. तेवढे दिवस मी आणि नानाकाकांनी जुन्या रहाटावर पाणी काढलं. हाताला फोड आले, पण मला फार गोड झोप लागत होती.

राखणीच्या दिवशी माणसं जमली. सुरंगीखाली चूल पेटली, कोंबडा बांधलेला होता, अख्खा, लाल तुऱ्याचा. आई केळीशी उभी होती. मी कुलूप काढून पंप सुरू केला, पाट वाहू लागले. वसंत पांढऱ्या शर्टात, नारळ घेऊन दगडासमोर उभा राहिला आणि त्याचं वाक्य आलं. "ह्या घरच्या बायमानसाकनं चूक झाली..." मी खोपीत गेले. मेन बंद केला, न्यूट्रलचं टोक काढून बाजूला बांधून ठेवलं, आणि मेन पुन्हा चालू केला. पंप थांबलेलाच राहिला.

"लाईट गेली वाटतं," कुणीतरी म्हणालं. अगदी बाबांचेच शब्द.

मी खोपीच्या दारातून ओरडले, "वसंतकाका, जरा पंप बघता का? हात लावून बघा, गरम झालाय का."

तो दोन पावलं आला. पंपाकडे बघितलं, विझलेल्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं. "मेन बंद केलास काय गो?" त्यानं विचारलं.

"कशाला? लाईट न्हाय तर करंट येल कुठून?" त्याचंच वाक्य मी त्याच्याच चालीवर म्हटलं. "आणि राखण तर दिलीय या वर्षी. अख्खा कोंबडा हाय. घाबरताय कशाला? लावा हात."

त्यानं हात पाठीमागे नेला. नेहमी टेस्टर काढणारा तो हात, पाठीमागे.  "पोरी, खेळ लावलायस काय?" तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. नानाकाकांना काही समजत नव्हतं. देवाच्या कामात ही कसली कटकट, म्हणून ते वैतागले. "सरक, मी बगतो," म्हणाले आणि पंपाकडे निघाले. माझा हात मेनच्या दांडीवर होता, ते आणखी जवळ गेले असते तर मी ती खाली ओढणार होते. ओढावी लागली नाही. वसंतच ओरडला.

"नाना, हात नको लावू! मरशील!"

नानाकाका तिथंच थबकले. सावकाश वळले. "लाईट न्हाय ना?" त्यांनी विचारलं. "मंग मी मरंन कसा, वसंता?"

वसंताच्या हातात नारळ होता, तो त्यानं छातीशी धरला होता.  चूल फटफट आवाज करत होती. मी मेन बंद करून बाहेर आले, पहार पाटातल्या चिखलात ठोकली, टेस्ट लॅम्पची एक वायर पहारीला आणि एक पंपाला बांधली आणि सगळ्यांना लांब केलं. दांडी वर केली. पोफळीच्या सावलीत तो दिवा असा पेटला की पलीकडच्या वाडीतली माणसं कुंपणाशी आली. पंप मेलेला आणि दिवा जिवंत. मी मेन बंद केला, झाकण उघडलं आणि तो बोटभर तुकडा ओढून काढून नानाकाकांच्या हातावर ठेवला. मी काय बोलले ते आता आठवत नाही, फार मोठ्यानं बोलले असणार, कारण नंतर दोन दिवस घसा बसला होता.

आई केळीची रांग ओलांडून आली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा वाडीत उतरली होती, आणि राखणीच्या जागी तर जन्मात पहिल्यांदा. कुणी तिला अडवलं नाही. तिनं तो तुकडा नानाकाकांच्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, एवढासा. "म्हंजे कोंबड्याचं न्हवतं," ती म्हणाली. मग वसंतासमोर जाऊन उभी राहिली. "कोंबड्याचं न्हवतं रं, वसंता." त्याला तिनं कधी अरे-तुरे केलं नव्हतं. वसंतानं नारळ खाली ठेवला आणि वाडीच्या मागल्या वाटेनं निघून गेला. त्या दिवशी कोंबडा ओटीवर वाढला गेला, आणि नानाकाकांनी स्वतः पहिली तंगडी आईच्या पानात टाकली. आईनं ती रडत रडत खाल्ली, हाडापर्यंत चोखून.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज एवढी कडू झाले नसते. मला त्याला तुरुंगात बघायचं होतं. नानाकाका म्हणाले, "गावातला मानूस हाय, त्याला बी पोरंबाळं हायेत, जाऊ दे." जाऊ दे! आळीनं आपापल्या पंपातले तुकडे गुपचूप काढले, मी एकेका वाडीत जाऊन अर्थिंगचे खड्डे खणून घेतले, आणि ज्यांनी आईकडे बोट दाखवलं होतं त्याच बायका मला घावनं घालू लागल्या. वसंताचं वायरिंगचं काम सुटलं. पण तो लग्नाकार्यांना मांडव आणि लाउडस्पीकर पुरवू लागला, आणि त्यात त्याचं बरं चाललं. चूक झाली, असं तो कधी म्हणाला नाही. उलट, पोरीनंच पंपात करंट सोडला होता, असं त्यानं दूर श्रीवर्धनपर्यंतच्या मांडवांतून सांगितलं. रस्त्यात दिसला की मान वर करून जायचा. मग मी विचार केला, तुरुंग नाही तर नाही. माझ्या हातात होतं ते मी केलं. कारखान्यात नोकरी लागल्यावर हाताखाली आलेल्या पहिल्या शिकाऊ मुलाला मी ती चूक समजावली आणि तिचं नाव सांगितलं. तेव्हापासून सांगतेच आहे. माझी मुलं आता कुठे कुठे पोचली आहेत, आणि पंपाचं झाकण उघडून कुणाला तो तुकडा दिसला की तोंडातून येतं, "च्यायला, वसंतजोड!" एका माणसाच्या नावाला यापेक्षा जास्त काय करता येतं, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी क्लासला मधुरा आली. पनवेलला वाढलेली, अर्धं हिंदी बोलणारी, तरतरीत. डिप्लोमा झालेला, नोकरी मिळत नव्हती, म्हणून आजोबांकडे राहायला आली होती. आडनाव आणि घराचा पत्ता सांगितल्याबरोबर मला कळलं ती कुणाची नात ते. तिला काही माहीत नव्हतं. घरात कोण सांगणार? पहिल्या दिवशी ती पुढच्या रांगेत बसली होती आणि मी फळ्यावर नाव लिहिलं. लिहिताना माझा हात थांबला, असं इथं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण थांबला नाही. मुलगी हुशार निघाली. तिला मी माझ्याकडचं सगळं दिलं, हातचं काही राखलं नाही. तिचं त्यात काही देणं-घेणं नव्हतं.

परवा ती पेढे घेऊन आली. नोकरी लागली होती. ओटीवर बसकण मारून भराभर सांगत होती, "बाई, तोच क्वेश्चन आला! मोटर बंद, तरी शॉक. मी पूरा एक्सप्लेन केलं आणि बोलले, सर, आम्ही याला वसंतजोड बोलतो. तर समोरचे सर हसले, बोलले, तुम्ही कुंदाबाईंच्या स्टुडंट काय? घरी जाऊन पहिलं आजोबांना सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"हेच सगळं. ते विचारत होते, ह्ये नाव कुनी ठेवलं? मी बोलले, आमच्या बाईंनी. सगळीकडे फेमस आहे, आजोबा, कंपनीवाल्यांना पण माहितीये." तिनं पुडा माझ्या हातात दिला. "मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले. काल जेवले पण नाही. बाई, तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखते," मी म्हटलं. "आमच्या पंपाचं काम त्यांनीच केलं होतं. जाऊन त्यांनाच विचार, ते सांगतील."

ती गेली. मी पेढा खाल्ला. चांगला होता, ताज्या खव्याचा. मग पुडा घेऊन आत गेले. आई खिडकीशी पाय पसरून बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, दातही राहिले नाहीत, आणि साखर वाढते म्हणून डॉक्टरांनी गोड बंद केलंय, ते ती मुकाट्यानं पाळते. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, पेढे आलेत. वसंताच्या घरचे. त्याच्या नातीला आपली वसंतजोड येत होती म्हणून नोकरी लागली. तिनं ते नाव घरी जाऊन त्याला सांगितलं."

आईनं मला ते परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं, मोठ्यानं.

"त्याला कळलं?" तिनं विचारलं.

"कळलं. कालपासून जेवला नाही."

आईनं हात पुढे केला. "मंग दोन दे."